जिन्यातले निरोप

३ फेब्रुवारी

चि. ढापण्यास,
ताईचे अ. उ. आ. आज ते तुला लागणारच आहेत.

तुझ्या मालिकेचा परवाचा भाग मला माझ्याच दवाखान्यात कळला. एका बाईंच्या दाढेत सिमेंट भरत होते. तोंडात कापसाचे बोळे कोंबलेले, तरी बाई खुदखुदत होत्या. बोळे काढल्यावर म्हणाल्या, त्या मालिकेतली येडपट आई निरोप सांगायला निघते काय आणि जिन्यावरून गडगडते काय, हसून पुरेवाट झाली! तुम्ही पाहिलंत का? त्याच घरात वाढले, असं ओठांवर आलं होतं. पण दवाखाना चालवायचा असतो, गिळलं.

मग घरी येऊन पाहिला. शाबास रे लेखका! खाली मोजणीदार भाऊ, वर बँडवाला भाऊ, दोघांचं बोलणं बंद, आणि मधल्या जिन्यात आई. माझ्या लग्नात काकांनी चारचौघांत बाबांना टोमणा मारला, की जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या आणि स्वतःच्या घराचा कोपरा काटकोनात बांधता आला नाही. तोसुद्धा तू जसाच्या तसा उचललास. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांचं हसू करायचं तर खुशाल कर, त्यांची तीच लायकी आहे. पण तुझी आई निरोप विसरते, भलत्याचं भलतं सांगते, आणि मागून डबाबंद हशा!

आपली आई कधी काही विसरली? बाबा म्हणायचे, त्या गाढवाला सांग सकाळी सकाळी ते ट्रम्पेट बोंबलवू नकोस. आई वर जाऊन सांगायची, हे विचारत होते, तुमचा गुडघा कसा आहे, आणि सराव जरा उशिरा कराल का. माहेरी आले की मी जिन्यात उभी राहून ऐकायचे. काका वरून काय काय ओकायचे, ते खाली पोचेपर्यंत त्याचं आभार मानणं व्हायचं. ते घर तिच्या त्या खोटेपणावर उभं आहे, आणि तू त्याला वेंधळेपणा म्हणालास.

लोभ आहेच. तुझ्या लायकीपेक्षा चार बोटं जास्तच.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दात उपटायची सवय झाली की पत्रसुद्धा चिमट्यानेच लिहिलं जातं, हे कळलं.

विनोदी कौटुंबिक मालिका लिहायची म्हटल्यावर मी कुणाचं कुटुंब घेऊ? शेजाऱ्यांचं? ते बिचारे एकमेकांशी नीट बोलतात, त्यांच्यावर एक भागसुद्धा निघायचा नाही. आपल्या घरात वेडेपणा पोत्याने भरलाय. मी फक्त पोत्याचं तोंड सोडलं. चॅनलवाले खूश आहेत, दिग्दर्शक म्हणतो आईला अजून दोनदा पाडू.

आई निरोप बदलते, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, विसरते. पण तू इतकी वर्षं ऐकत होतीस, तर एकदा तरी त्या दोघांना जाऊन सांगितलंस का? नाही. रविवारी जायचं, जेवायचं, परत यायचं. आणि आता तिच्या वतीने रागवायचं कंत्राट घेतलंस! तिचा स्वतःचा फोन आला होता. छान झालं म्हणाली. एवढंच.

माया पातळ करू नये, ही विनंती.

तुझा ढापण्या

२० फेब्रुवारी

चि. ढापण्यास,
अ. उ. आ.

आईचं ते छान झालं मलाही ठाऊक आहे. दूध नासलं तरी ती तेच म्हणते.

आता पुढचं ऐक. तो भाग पाहिल्यावर आईने निरोप जसेच्या तसे सांगायचं ठरवलं. मी रविवारी गेले तेव्हा पहिलाच निरोप डोळ्यांनी पाहिला. बाबांनी खुर्चीतून हुकूम सोडला, त्या गाढवाला सांग गच्चीचं दार आपटू नकोस. आई वर गेली, पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, भावजी, त्यांनी सांगितलंय, त्या गाढवाला सांग गच्चीचं दार आपटू नकोस. काकांनी विचारलं, असं म्हणाला तो? आई म्हणाली, गेली कित्येक वर्षं हेच म्हणतायत.

काका काठी टेकत खाली आले. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी त्या दारातून पाऊल आत टाकलं. मला वाटलं, आता भांडी उडणार. तर त्यांनी बाबांना इतकंच विचारलं, की माझ्या गुडघ्याची चौकशी तू करायचास ना? बाबा गोंधळले. म्हणाले, कसला गुडघा? उलट तूच नाही का नळ दुरुस्त केल्याबद्दल आभार कळवलेस? काका म्हणाले, मी? मी तर तुला हजाम म्हणालो होतो.

मग दोघांनी एकदम आईकडे पाहिलं. काकांचं तोंड असं उतरलं, की सगळे दात काढल्यावरही माणूस इतका पडलेला दिसत नाही. बिचाऱ्यांनी त्या गुडघ्याच्या चौकशीवर इतकी वर्षं काढली होती. बाबा आईवर ओरडले, तू आम्हाला फसवलंस. मला हसावं की त्यांच्या डोक्यात काही घालावं, कळेना. आईने पिशवी भरली आणि तिच्या त्या नर्स मैत्रिणीकडे निघून गेली.

आता बाबा मला सांगतात, तुझ्या आईला निरोप दे की झालं ते झालं, परत ये. मी म्हटलं, माझ्या दवाखान्यात दातच काढतात, निरोप पोचवत नाहीत. कधी नव्हे तो तुझा टोमणा मला लागला होता. तेवढं श्रेय घे.

आहे तो लोभ जपून वापर.

ताई

६ मार्च

चि. ढापण्यास,
आईचे अ. आ.

मी ठीक आहे. मैत्रिणीची ड्युटी सकाळी असते. ती गेली की घरात कुणी कुणाला काही सांगत नाही. आधी कान भणभणले, आता बरं वाटतं.

तुला वाटत असेल, तुझ्या मालिकेमुळे मी घर सोडलं. उगाच फुशारू नकोस. पडल्याचं मला काही वाटलं नाही, जिन्यात मी खरीच दोनदा पडले आहे. पण तुझ्या मालिकेतल्या बाईला वर काय बोलतात आणि खाली काय बोलतात, ते कळतच नाही. ते मला झोंबलं. मला एकेक शब्द कळत होता, बाळा. तो पचवून त्याचं गोड करायला डोकं लागतं. लिहिणाऱ्याला एवढंही समजू नये?

तुझ्या बाबांचा काल फोन आला. मला नाही, मैत्रिणीला. तिला म्हणाले, हिला सांगा की घरी ये. तिने फोन माझ्या कानाला लावला आणि ती भाजी चिरायला गेली. हे म्हणाले, मी वर गेलो होतो. गुडघा कसा आहे विचारलं. तो म्हणाला, तुला काय करायचंय, आणि दार लावून घेतलं. आता मी काय करू? मी म्हटलं, उद्या परत विचारा. ते म्हणाले, आणि परवा? मी म्हटलं, परवासुद्धा. मी इतकी वर्षं रोज विचारत होते, तुम्हाला दोन दिवसांच्या नावानेच धाप लागली?

मग त्यांनी विचारलं, तू जेवलीस का. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, हो. फोन ठेवला.

परत जायचं की नाही, ते मी ठरवलेलं नाही. ठरवलं तर मीच सांगेन, कुणाच्या हाती कळवणार नाही. तुझा नवा भाग काल लागला होता. ती बाई पुन्हा जिन्याकडे निघाली. मैत्रिणीने टीव्ही बंद केला आणि आम्ही दोघी फिरायला गेलो.

माया आहे. ती तुला कळावी म्हणून यापुढे गोड करून सांगणार नाही.

तुझी आई