शंभर वर्षांपूर्वीचे मोजे

१४ मार्च १९८४

आज दुपारी प्रॉसरांच्या बुटांच्या दुकानात सगळं बदललं. मी मागच्या खोलीत शिडीवर चढून खोकी रचत होतो. ग्वेंडा आली, खाली उभी राहिली आणि म्हणाली, "कॅझ, तुला चित्रं काढता येतात ना अजून?"

अजून! कॉलेज सोडलं म्हणजे हात काय तिथेच ठेवून आलो की काय!

यंदा लॅनिंगफोर्डच्या बेसबॉल संघाला शंभर वर्षं होतात. तिचे वडील, म्हणजे आमचे प्रॉसरसाहेब, संघाचे अध्यक्ष. सोळा जूनच्या सामन्याला आपल्या पोरांनी पहिल्या संघासारखा गणवेश घालून उतरायचं, ही कल्पना तिची. "तूच काढून दे," म्हणाली. "दुसऱ्या कुणाला मी विचारणारच नव्हते."

दुसऱ्या कुणाला विचारणारच नव्हते. हे वाक्य घरी येईपर्यंत कोटाच्या आत धरून आणलं, गरम पावासारखं.

१५ मार्च

आईला सांगितलं. "बरं झालं," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "जेवून घे." कॉलेज सोडून फिलाडेल्फियाहून परत आल्यापासून आमच्या घरात वाक्यं अशीच, बोटभर. बाबा गेले त्याला चार वर्षं झाली, तरी या घराला मोठ्यानं बोलायची सवय लागलेली नाही. मला सोडून!

१९ मार्च

फोटो मिळाला! वाचनालयाच्या जिन्यात लावलाय आणि मी लहानपणापासून त्याच्यासमोरून धावत गेलोय. १८८४. नऊ माणसं, एक कुत्रा. छातीवर बटणांनी लावलेला ढालीसारखा तुकडा, आगीच्या बंबावरची माणसं घालायची तसा, त्यावर मोठा 'एल'. डब्यासारख्या चपट्या टोप्या, आडव्या पट्ट्यांच्या. गुडघ्यापर्यंत विजारी.

आणि मोजे. काळेकुट्ट!

त्या काळात संघाची ओळख मोज्यांवरूनच. नाव नंतर, मोजे आधी. मग या माणसांनी काळा का निवडला? मला लगेच कळलं. आदल्या हिवाळ्यात तीन नंबरच्या खाणीत माणसं गाडली गेली होती. नवांपैकी एकही हसत नाहीये. त्यांनी गावाचं सुतक पायात घातलं होतं आणि तसेच खेळायला उतरले.

हे कुणाला दिसलं नव्हतं. मला दिसलं.

२ एप्रिल

रंगवलेली चित्रं ग्वेंडाला दाखवली. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग मोज्यांवर बोट ठेवून म्हणाली, "इतके काळे?"

"इतकेच."

"वाढदिवसाला उदास नाही दिसणार?"

"उदासच होते ते! तुला फोटोत दिसत नाही का?" मी थोडा जोरात बोललो असेन. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. ग्वेंडा म्हणाली, "बरं, बरं. काळे." आणि माझ्या कोपराला हात लावून गेली. डावं कोपर. अजून तिथे आहे तो हात.

७ एप्रिल

बंबघराच्या हॉलमध्ये संघाची बैठक. प्रॉसरसाहेब म्हणाले, मोजे राखाडी घेऊ, तयार मिळतात. मी म्हटलं, तयार मिळतात तर गणवेशही तयार घ्या आणि शंभर वर्षंही तयार घ्या! तेवढ्यात वॉर्गो — आपला कॅचर, मागे बसून चेंडू झेलणारा, कोळशाच्या ट्रकसारखा माणूस, बोलणंही तसंच — ढालीचं चित्र हातात घेऊन म्हणाला, "ए चित्रकार, हा खिसा कशाला रे? आत पिरोगीच्या करंज्या ठेवायला?"

सगळे हसले. ग्वेंडासुद्धा.

मी कॉफीचा कप भिंतीवर मारला. फुटला. कुणाला लागला नाही. त्यात काय एवढं! वॉर्गोच तेवढा म्हणाला, "बघा, पिचिंगही करतो हा. काय फेकलं!" पण त्यावर कुणी हसलं नाही.

मग सगळं पटापट मंजूर झालं. ढाल, टोप्या, काळे मोजे, सगळं. ठाम राहिलं की माणसं ऐकतात.

२४ एप्रिल

ग्वेंडा गावच्या इतिहास मंडळाच्या बेव्हनबाईंकडे चित्रं घेऊन गेली होती. "काय म्हणाल्या?" "छान आहे म्हणाल्या." एवढंच. दिवसभर गप्प होती. सर्दी झाली असेल.

९ मे

लोकरीचं कापड आलं. शिवणार आई! सव्वीस वर्षं शर्टाच्या कारखान्यात काढलीत तिनं, ढालीची बटणं तिच्याइतकी सरळ कोण लावणार? जेवणाच्या टेबलावर कापड, मशीन, खडू. मी आखतो, ती कापते. संध्याकाळी कोबीच्या शेवया केल्या तिनं आणि आम्ही त्या कापडाच्या ढिगाशेजारी उभ्यानंच खाल्ल्या. वॉर्गोचं पोटाचं माप वाचून मला हसू आवरेना. आईही हसली. तिचा समोरचा दात पडलाय, हे मला आज कळलं.

१० मे

आजही शिवण. आई काहीतरी गुणगुणत होती. विचारलं तर थांबली.

२७ मे

ग्वेंडानं गाडीतून नदीपर्यंत नेलं. पाणी अजून नारिंगीच आहे, खाणीतून येतं ते. गाडीतच विचारलं तिला. म्हणजे मी काय काय बोललो ते इथे लिहिणार नाही, पण विचारलं. फिलाडेल्फिया का सोडलं तेही सांगितलं. कॉलेजातल्या मास्तरांशी भांडण झालं हे अर्धंच खरं, ती इथे होती हे बाकीचं अर्धं.

ती काचेतून पुढे बघत होती. म्हणाली, "सामना होऊ दे, कॅझ. मग बोलू."

"म्हणजे हो?"

"म्हणजे सामना होऊ दे."

वीस दिवस. मी शंभर वर्षं मागे जाऊन आलो, वीस दिवस काय चीज आहे!

११ जून

काळे मोजे आले. मोजे विणणाऱ्या गिरणीनं आधी गडद निळे पाठवले होते. मी फोनवर असा काही बोललो की तिसऱ्या दिवशी काळे हजर!

आई म्हणाली, "त्या बाईची काही चूक नव्हती रे, फोन घेते फक्त." मी म्हटलं, मग चूक असणाऱ्याला फोन द्यायचा होता. आई आत गेली.

१६ जून, सकाळ

ऊन आहे. इस्त्री झाली. आज.

१७ जून

काल काय झालं ते सरळ लिहितो. नाही लिहिलं तर डोक्यात फिरत राहील.

पोरं मैदानात आली तेव्हा लोक उभे राहिले. खरंच उभे राहिले. ढाली उन्हात पांढऱ्याशुभ्र, आडव्या पट्ट्यांच्या टोप्या, आणि गुडघ्यापासून खाली काळे पाय. मी कुंपणाशी होतो. वाटलं, हे मी केलं. ग्वेंडा वरच्या बाकावर होती. मी हात केला, तिनंही केला.

मग मागून, पाहुण्या संघाच्या बाजूनं, कुणीतरी म्हातारा ओरडला, "अरे, लालतंगडे काळे कधी झाले?"

आणि म्हातारी माणसं हसायला लागली. सगळी नाही. फक्त म्हातारी. एकानं दुसऱ्याला सांगितलं, त्यानं तिसऱ्याला. "लालतंगडेच म्हणायचे आमच्याकडे त्यांना. माझा आजा शिव्या द्यायचा."

मी बेव्हनबाईंना गाठलं. त्या छत्रीखाली लिंबू सरबत पीत होत्या. मी विचारण्याआधीच त्यांचा चेहरा पडला.

"जुन्या काचेवरच्या फोटोत लाल रंग काळा उतरतो, बाळा. त्या काचेला लाल दिसतच नाही. मी एप्रिलमध्येच सांगितलं होतं. ग्वेंडा म्हणाली, तुम्ही नका बोलू, मी सांगते त्याला."

काचेला लाल दिसत नाही. कॉलेजात जुन्या फोटोंचा वर्ग दुसऱ्या वर्षाला असतो. मी पहिल्याच वर्षाच्या मार्चमध्ये बॅग उचलली होती.

तिथून सरळ खेळाडूंच्या बाकावर गेलो. वॉर्गो गुडघ्याचे पट्टे बांधत होता. "तुला माहीत होतं?"

"माझ्या बायकोला माहीत होतं," तो म्हणाला. "म्हणजे मला माहीत होतं."

"सगळ्यांना?"

तो उठला. मला वाटलं आता हाणणार, आणि मला ते हवंही होतं. पण त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, "हे बघ, कॉलेजवाल्या. आपल्या पिचरचा असा दिवस लागला की समोरच्या कुणाला फटकाच मारू देत नाही, तर आपण काय करतो? त्याच्या बाजूला बसत नाही. बोलत नाही. 'छान चाललंय' एवढंसुद्धा नाही. तोंड उघडलं की मोडतं. तू या वसंतात शिट्ट्या मारत फिरत होतास रे. तुझ्याशी कोण बोलणार?"

"कपामुळे," मी म्हटलं.

"कपामुळे पण," वॉर्गो म्हणाला. आणि खेळायला गेला.

सामना हरलो. नऊ-दोन. लोकर इतकी तापली की आमचा पिचर सहाव्या डावात ओकला.

ग्वेंडा बाकांच्या मागे भेटली, जिथे पिंपं ठेवतात. तीच पुढे आली, हे लिहायला हवं. ती पळाली नाही.

"सांगायचं होतं मला," म्हणाली. "तीनदा तयारी करून आले."

"मग?"

"मला भीती वाटली."

"कशाची?"

"तुझी."

मी म्हटलं, "मी तुला कधी बोट तरी लावलंय?"

"नाही. पण दर वेळी मी आधी बघते, तुझ्या हातात काय आहे ते." ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "म्हटलं, अख्ख्या गावानं एक दिवस चुकीचे मोजे घातले तर घातले. त्यात कुणाचं काय जातं? तुला सांगण्यापेक्षा ते सोपं वाटलं, कॅझ. आणि हे मला ज्या दिवशी सोपं वाटलं ना, त्याच दिवशी माझं उत्तर ठरलं. नदीवर बोलायला हवं होतं. तिथेही नाही जमलं."

"सामना होऊ दे म्हणाली होतीस."

"झाला ना."

घाम डोळ्यांत उतरत होता. मी कपाळ पुसायला हात वर केला.

ती मागे सरली. एकच पाऊल. पिंपाला पाठ लागली तिची.

मी हात तसाच वर धरून उभा राहिलो. खाली आणायची भीती वाटत होती.

१८ जून

दुकानात गेलो नाही. प्रॉसरसाहेबांचा फोन आला. आईनं घेतला. "पोटात दुखतंय त्याच्या," म्हणाली.

१९ जून

दिवसभर राग येण्याची वाट बघितली. आला नाही.

२० जून

दुसरं काही सुचेना म्हणून चित्र पुन्हा काढलं. फोटोवरूनच, तेच नऊ जण, तोच कुत्रा, फक्त मोजे लाल. चांगले भडक, चेरीसारखे.

सगळा फोटोच बदलला! सुतक कुठलं? डावीकडचा मिशीवाला छाती काढून उभा आहे. कोपऱ्यातल्यानं टोपी मुद्दाम तिरकी ठेवलीय. जत्रेला निघालेत सगळे. नवे लाल मोजे मिळालेत आणि ते दाखवायला पाय पुढे काढून बसलेत! हसत नाहीत, कारण फोटो निघेपर्यंत हलायची बंदी होती. ओठसुद्धा नाही. फोटोवाल्यानं 'झालं' म्हटल्याबरोबर फुटलं असेल हसू.

आणि मी त्यांच्याकडे बघून ठरवलं की कुणीतरी मेलंय.

२१ जून

आज आईला विचारलं, "तुलाही माहीत होतं?"

ती भांडी धूत होती. नळ बंद केला. "माझी आजी सांगायची. तिनंच विणले होते त्यातले काही. लाल."

"मग बोलली का नाहीस, आई? कापड तुझ्या हातात होतं!"

"सांगणारच होते रे. पण त्या संध्याकाळी तू वॉर्गोच्या पोटावर हसत होतास." ती ओले हात पुसत राहिली, पुसून कोरडे झाले तरी. "तुझे बाबा होते तेव्हाही मी असंच करायचे. घर हसत असलं की आपण काही काढायचं नाही. उद्यावर टाकायचं."

मी खुर्चीवरून उठलो. नुसता उठलो. आई माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. हातांकडे बघत होती.

कपडे भरून झाले. कुठे जायचं ते ठरलेलं नाही. फिलाडेल्फिया असेल, नसेल. या घरात आजवर कुणी मोठ्यानं गुणगुणलेलं नाही आणि मी बसलो आहे तोवर गुणगुणणार नाही. आईला सांगितलं, जातो. तिनं थांब म्हटलं नाही. शर्टाची बटणं लावून घे, म्हणाली.

एवढं लिहून उठतो. बाहेर पडतो, आणि दार ओढून घेतो.