टाकीतलं खडेमीठ

प्रीतम,

आल्याआल्या ओरडू नकोस, आधी टाकीकडे बघ. तुझा कॅटफिश तळाशी आडवा पडलाय, पण मेलेला नाही, मिश्या हलतायत. सकाळी बाबांनी टाकीत दोन मुठी खडेमीठ टाकलं. "शिंगाळा आहे गं हा, दर्यातला. गोड्या पाण्यात कोंडून मारताय त्याला," म्हणाले. त्यांना वाटलं, आपण त्याला वाचवतोय.

अर्धं पाणी मी काढलंय. बाथरूममधल्या निळ्या पिंपात कालचं पाणी आहे, तेच दर तासाला एक बादली घाल. एकदम सगळं बदललंस तर वाट लागेल त्याची. नळाचं ताजं पाणी नको.

आता ऐक. मी बाबांना नको ते बोलले. "तुम्हाला मासे फक्त मारताच येतात," म्हणाले. सुनेच्या तोंडून असं जायला नको होतं. त्यांनी चप्पल घातली आणि गेले. फोन ओट्यावर, बीपीची गोळी तशीच. खाली वॉचमनला सांगून गेलेत, मढला जातो म्हणून. मढला आता आपलं आहे काय? होडी तूच विकायला लावलीस आणि घर शूटिंगवाल्यांना दिलंय.

मी वर्सोव्याच्या जेटीवर चाललेय, मढची बोट तिथूनच सुटते. सापडले की फोन लावून त्यांच्याकडे देते. मिठाचा विषय काढू नकोस. आणि "इथे नाहूरला करमेल हळूहळू" हे तर अजिबात म्हणू नकोस. दोन वर्षं तेच म्हणतोयस.

श्रुतिका