देवाला पत्ता सांगायचा नसतो

कवठे येमाई,
सोमवार, ता. ९ फेब्रुवारी १९७६

चिरंजीव शांतवन यास आजीचा सलाम.

मी इकडं बरी हाय, असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिलं. तुझी खुशाली कळव असं लिहीत न्हाई, ती साऱ्या गावाला कळली हाय. कार्डावर लिहिलीस ना! उघडं कार्ड माझ्या हातात पडेस्तवर चार जणांनी वाचलं. टपाल वाटणारा म्हाळू मला वाटेतच म्हणाला, "भागूआजी, शांतवननं पाळकाचा वर्ग सोडला व्हय?" मी म्हणलं, "वाचलंस तूच, तर उत्तर बी तूच धाड."

म्हणून हे निळं आंतरदेशीय आणलं. कडा नीट चिकटवीन. अक्षर माझं, तिसरीतलं. म्हाळूकडनं लिहवून घेतलं न्हाई. वाचाया तरास झाला तर होऊ दे.

ज्वारी काढून झाली. तुझ्या चांगदेवकाकाची कंबर धरलीय, पण तोंड चालू हाय. तांबडी कोंबडी मुंगसानं नेली.

तू लिहितोस, मी दौंडच्या रेल्वे शेडातला खलाशी, पाळक होणं हे कॉलेजात शिकलेल्यांचं काम, पुस्तकं परत दिली. वा! तू उपदेश कराया आलास त्या रविवारी इथं चर्चात काय झालं ते तुला ठाव हाय असं तुला वाटतं. पर तू प्रार्थनेत डोळे मिटले होतेस. मी मिटत न्हाई. कुणीतरी चपलांकडं बघाया पाहिजे. म्हणून मी बघितलं ते सांगते.

आदल्या दिवशी तू आपल्या मंडळीतल्या ताईबाईच्या घरी गेलास. ती लेकीपायी रडली, तू बी रडलास. हितपर्यंत बरं केलंस. मग रविवारी साऱ्या मंडळीपुढं हात वर करून म्हणलास, "हे प्रभू, ताईबाईच्या गिताला नवऱ्यानं मारून घराबाहेर काढलंय, तिला कारेगावच्या सासरी सुखानं परत ने." पोरा, देवाला काय ठाव नव्हतं, म्हणून नाव, गाव, सासर सगळं सांगितलंस? तू आमेन म्हणायच्या आत सगळ्यांचे डोळे उघडले. माना वळल्या. गितानं पदर तोंडावर ओढला. ताईबाईनं लेकीचा हात धरला आन् गाणं व्हायच्या आधीच दोघी उठून गेल्या. तू डोळे उघडलेस तवा जागा मोकळी होती. तुला वाटलं, पाणी प्यायला गेल्या असतील.

तूच लिहिलंस, वर्गाच्या गुरुजींनी तुला उभं करून सांगितलं, एकानं सांगितलेलं पाळकानं दुसऱ्याला सांगायचं न्हाई, प्रार्थनेत बी न्हाई. आधी त्या बाईची माफी माग, मग पुढचा धडा. ह्याच्यात तुझी काय अब्रू गेली? गुरुजींनी तुला काढलं न्हाई. तूच पळालास.

तुझ्या आजोबाची गोष्ट तुला ठाव न्हाई. ज्ञानू लई गोड बोलायचा. मिशनच्या सायबाची पेटी डोक्यावर घेऊन गावोगाव उपदेश केला. पर पाळक व्हायचं तर घरदार सोडून कॉलेजात बरीच वर्सं राहायचं, आन् घरी खाणारी तोंडं. मंग जन्मभर प्रभुभोजनाची ताटली धरली, ती भाकर मोडून द्यायला शिरूरचा पाळक यायचा. आन् खरं सांगू? तोंडाला झाकण त्याच्या बी नव्हतं. ह्या घरचं त्या घरी न्यायचा, मायेनंच न्यायचा, आन् दोन्ही घरं तोडायचा. त्याला उभं करून कुणी सांगितलंच न्हाई. सांगणारा असता तर लई मोठा माणूस झाला असता. आता शनिवारी, शेडातलं काम उरकून, दौंडातच शिकवत्यात, घरी बसून धडा वाचता येतो, तर तू पुस्तकं परत देतोस!

काल मी ताईबाईकडं गेले. तू धाडलंस म्हणून न्हाई, माझी मी. तिनं दार उघडलं आन् म्हणाली, "माझ्याकडं आता सांगण्यासारखं काय राहिलं न्हाई बाई, तुझ्या नातवानं सगळं वाटलं."

मी म्हणलं, "मी ऐकाया आले न्हाई. बसाया आले."

बसलो. तिनं चहा टाकला. मग म्हणाली, "भागू, पोरगं वाईट न्हाई. माझ्यासंगं रडलं. पर मी त्याला सांगितलं तवा दार लावलं होतं गं."

गिता चुलीपाशी होती. ती मागं न बघताच बोलली, "आजी, त्यानं देवाकडं मागितलं ते मला नकोच होतं. परत जायचंय का, हे मला कुणी इचारलंच न्हाई."

हे तुझ्या धड्याच्या पुस्तकात हाय का न्हाई, मला ठाव न्हाई. नसलं तर लिहून घे.

निघताना ताईबाई म्हणाली, "येऊ दे त्याला. चहा देईन. बोलायचं का न्हाई ते गिता ठरवील." एवढं लई झालं. दारातनं हाकललंस तर बरं, असं मी तिला म्हणणार होते, पर म्हणलं न्हाई.

आज मंगळवार. काल हात दुखला म्हणून थांबले. कागद दाबून धरायचा डावा हात हल्ली लवकर दुखतो.

आता राहिलेलं लिहिते. त्या रविवारी उपदेश झाल्यावर मी मागं थांबणार होते. तुला एक सांगायचं होतं. तुझी प्रार्थना ऐकली आन् सरळ घरी आले. शिरूरच्या डॉक्टरीणबाईनं मला पुण्याला जायला सांगितलंय, लवकर जा म्हणाली. कशापायी, ते समोर बसून सांगीन. चांगदेवाला ठाव न्हाई. तुझ्या आईला न्हाई. रडू नकोस, मी रडत न्हाई. पर एकटीनं धरून ठेवायला जड झालंय, आन् शिरूरचा पाळक वर्साला दोनदा येतो, त्याला माझं नाव बी येत न्हाई.

मला तुझ्या हातची भाकर घ्यायचीय, शांतवन. तीन वर्सं लागत्यात म्हणलास. मी थांबायचं बघते, पर त्याच्यापायी एक बी धडा गाळू नकोस. अर्धवट शिकलेला पाळक मला नको. तसला मी घरात बघितलाय.

शनिवारी गुरुजींकडनं पुस्तकं परत आण. रविवारी पहिल्या यष्टीनं ये. आधी ताईबाईच्या दारात जा, चुकलो म्हण, आन् गप बस. मग माझ्याकडं ये. मी दार लावून घेईन.

आन् तोवर प्रार्थना करशीलच, तुला ऱ्हावायचं न्हाई. कर. पर नाव घेऊ नकोस, दुखणं सांगू नकोस. एक बाई हाय, एवढंच म्हण. देवाला पत्ता ठाव हाय.

तुझ्यावर डोळा ठेवून असलेली,
एक बाई