पाडव्याची राहून गेलेली सुपारी

मु. नागरा, वैशाख शुद्ध पंचमी, शके १८५९

तीर्थस्वरूप अनुसयाबाई यांच्या पायांवर धाकट्या भावाचा, खेमराजचा नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहे असे लिहिण्याची रीत आहे. पण यंदा खोटे न लिहिण्याचा संकल्प असल्याने, माणसे खुशाल आहेत, बैलांची खात्री देता येत नाही, इतकेच लिहितो. तुमची कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला? (हे रीत म्हणून विचारतो की मनापासून, असा प्रश्न लिहिता लिहिताच पडला. मनापासूनच. निदान कंबरेचे तरी.)

पाडव्याला भाऊजी आमच्याकडे होते, तेव्हा झाले ते तुमच्या कानी आलेच असेल. पण ते त्यांच्या बाजूने आले असेल, म्हणून माझ्या बाजूने लिहितो. मी कॉलेजात असल्यापासून दर वर्षी रोजनिशीच्या पहिल्या पानावर संकल्प लिहितो. यंदा वीस वर्षांच्या वह्या काढून तपासल्या. एकही संकल्प तीन आठवड्यांपलीकडे टिकलेला नाही. (अपवाद एकच, ताक न पिण्याचा; त्या वर्षी गाय आटली होती.) याउलट आमचा सालगडी बुधराम. एकोणीस वर्षे दर पाडव्याला ओसरीवर चार माणसांसमोर त्याचे साल ठरते: इतके धान, एक घोंगडी, एक जोडा आणि बारा खाडे. खाडेही ठरलेले. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेचे दोन, सोयऱ्यांच्या लग्नांचे, तापाचे, आणि एक, त्याच्याच शब्दांत, ‘मन नसंल तवाचा’. शेवटी मी त्याच्या हातावर सुपारी ठेवतो आणि साल पक्के होते. हा माणूस एकोणीस वर्षांत एकदाही बोलल्यापासून ढळला नाही. मला वाटले, मर्म सापडले. संकल्पाला साक्षीदार हवेत आणि खाडे हवेत. बुधराम एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर येतो. मी एक दिवस चुकलो की वर्षच सोडून देतो.

म्हणून यंदा मी त्याच बैठकीत स्वतःचेही साल ठरवायचे योजले. सुपारी कोटाच्या खिशात होती. पण आधी माझे संकल्प वाचून दाखवावेत, मग बुधरामचे पाहावे, असा क्रम लावला. (नम्रता म्हणून. आता वाटते, ती नम्रता नव्हती.) वाचन बरेच लांबले. भाऊजींना मध्ये डुलकी लागली, हे तक्रार म्हणून लिहीत नाही. पाचवा संकल्प होता, ‘या वर्षी आपले काम आपल्या हाताने करीन.’ त्यावर घनश्याम पाटलांनी मान हलवली, ती मला कौतुकाची वाटली. पुढे पान, गूळ, पाणी झाले, मंडळी उठली. बुधराम सगळ्यांत शेवटी उठला, काठी घेतली, मला हात जोडले आणि गेला. मी रोजनिशीत लिहिले, ‘बुधराम भारावला.’

दुसऱ्या दिवशी ऊन वर आले तरी बैल दावणीलाच. तेव्हा कळले की भाऊजींनी आदल्या संध्याकाळी तुमच्या गावी परतताना त्याला गाडीत घेतले आणि वाटेतच त्याच्या हातावर सुपारी ठेवली. भाऊजींचे काही चुकले नाही. त्याचे साल ठरलेच नाही, तेव्हा चार माणसांत मी त्याला सोडला असे सगळ्यांनाच वाटले. चांगला गडी रिकामा कोण ठेवील? मीही धावत येऊन सांगू शकलो असतो. पण चार लोकांसमोर घेतलेला संकल्प एका रात्रीत मागे घ्यावा का, या विचारात आठ दिवस गेले.

तेव्हापासून मी माझे काम माझ्या हाताने करतो आहे. बारा खाडे चैत्रातच संपले. हल्ली पुढच्या वर्षाचे वापरतो. शाळेला सुट्टी लागल्यापासून धानाच्या बांध्यांत शेणखत टाकायचे ठरवले आहे. गाडी मी भरतो, कासरा मी धरतो, पण बैल बांध्यांकडे वळत नाहीत. ते सरळ बुधरामच्या घरापुढे जाऊन उभे राहतात. चार दिवसांत चार गाड्या शेणखत तिथे गेले. (परत आणले. बहुतेक.) पाचव्या दिवशी बुधरामची रुख्माबाई दारात येऊन म्हणाली, “मास्तर, बैलं येऊन राहिले ते समजते. त्यायले माणूस पाह्यजे. तुमी काऊन येऊन राहिले?” मी म्हटले, बैलांमागे. ती हसली नाही. घरी येऊन सौ. सावित्रीला हे सांगितले, तर तिचे म्हणणे पडले की मी संकल्प करावेत, पण मोठ्याने वाचू नयेत.

अमावस्येला बुधराम तुमच्याकडून त्याच्या घरी आला होता. मी गेलो. क्षमा मागावी की खुलासा करावा हे वाटेत ठरले नव्हते, म्हणून दोन्ही केले. पाचव्या संकल्पाचा खरा अर्थ समजावून सांगू लागलो. तो ऐकून घेऊन म्हणाला, “भाषण मी आयकलोच नाही, मास्तर. मी तं तुमच्या हाताकडं पाहून राह्यलो होतो.”

यावर रोजनिशीत काय लिहावे ते अजून सुचलेले नाही. तुम्ही उन्हात फिरू नये. मुलांना आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार.

तुमचा,
खेमराज

ता. क. भाऊजींनी बुधरामला मोकळे करावे, एवढ्यासाठीच हे पत्र आहे. वर तसे कुठे आलेले नाही असे पुन्हा वाचताना दिसले. साल मोडायचे नसेल तर निदान मृग लागल्यापासून धानाची रोवणी संपेपर्यंत. त्याबदली मी तुमच्याकडे येऊन काम करायला तयार आहे. (भाऊजी नको म्हणतील, हे गृहीत धरून लिहिले आहे. हेही खोटेपणात येते का?)

आणखी ता. क. पण आधी बुधरामला विचारा. तिथे त्याचे मन लागले असेल, तर वरचा ता. क. वाचलाच नाही असे समजा.

शेवटचे. पाकीट फुगलेले दिसेल. आत पाडव्याची सुपारी आहे. ती महिनाभर कोटाच्या खिशातच होती. पत्र त्याला वाचून दाखवू नका. नुसती हातावर ठेवा.