मंदाताईची बंदूक

डोंबिवली,
१४ डिसेंबर २०२४

प्रिय मंदाताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? आम्ही दोघं मजेत. रसिकाने पाठवलेले लाडू पोचले असतील. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि बिल्डिंगमध्ये मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र.

बातमी मोठी आहे. तुझी बंदूक तयार झाली!

तुझ्या जुन्या ठासणीच्या बंदुकीची नळी तडकली आणि रानडुकरांनी शेताची दैना केली, हे कळल्यावर मी विठ्ठलवाडीला गुरुदत्तकाकांकडे गेलो. बंदुका बनवायचा परवाना असलेले ते जुने कारागीर. तुझ्या परवान्याचे कागद बघून म्हणाले, "सुटे भाग देतो. पण जोडायची माझ्या नजरेसमोर."

मी मनात म्हटलं, वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढलीत, आठवड्यात होईल.

अगं, तीन महिने लागले!

घोडा, चाप, नळी, सगळं लोखंड माझं ऐकत होतं. लाकूड ऐकेना. नळीला काजळी फासायची, कुंद्याच्या, म्हणजे लाकडी दस्त्याच्या, खाचेत ठेवायची, उचलायची, आणि जिथे काळं लागलं तिथेच पटाशीने कणभर तासायचं. पुन्हा काजळी. एकदा जास्त तासलं गेलं आणि अख्खा कुंदा बाद. काका ओरडले नाहीत. "पहिला सगळ्यांचाच जातो," म्हणाले. संसाराला पस्तीस वर्षं झाली, तरी रसिका रोज दारातच विचारायची, "आज कुठे तोंड काळं करून आलात?"

काल चाचणी झाली. बंदूक लोखंडी चौकटीत आवळलेली, आम्ही भिंतीआड, दोरी माझ्या हातात. ओढली. काय बार झाला, ताई! धूर निवळल्यावर काकांनी नळीवरून बोट फिरवलं. "केसाएवढी भेग नाही." आणि मी, एकसष्ट वर्षांचा बाप्या, चक्क नाचलो.

मग रडलो. काकांना वाटलं, आनंदाने.

बाबा हेच काम करायचे ना. मला शिकवायला बसले तेव्हा मी म्हणालो, "हे भंगार मला नको, मी कारखान्यात जाणार." त्यांनी पटाशी तुझ्या हातात दिली. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात तुझी तार आली, तेव्हा रजा मिळत नाही असं मी कळवलं.

ताई, रजा मिळाली होती. बॅग घेऊन एस.टी. स्टँडवर दोन तास बसलो आणि घरी परतलो. त्यांच्यासमोर उभं कसं राहायचं, तेच कळेना. तू कधी विचारलं नाहीस. विचारायला हवं होतंस गं.

परवान्यावर नोंद करून बंदूक ताब्यात घ्यायला तुलाच यावं लागेल. येत्या शनिवारी मी गाडी घेऊन येतो. नाही म्हणू नकोस. तू बाबांच्या हाताखाली शिकलीस हे कळल्यापासून काकांना तुझ्याकडून कुंदा तपासून घ्यायचाय. चुका दाखव, हव्या तेवढ्या शिव्या घाल. बाबांच्या वाटच्याही.

तुझा धाकटा,
आणि बाबांचा फार उशिरा आलेला शिकाऊ,
मुकुल