तिसरा पाय वाजतो

गुरुवार, संध्याकाळ. सापगाव.

दुर्बिणीला बोट लागलं की चंद्र अजून थरथरतोच. उद्या शाळेची मुलं बघायला येणार, मी शब्द देऊन बसलोय. थरथर जिरावी म्हणून स्टँडच्या पोकळ पायांत वाळू भरली होती. आज पाना मारून ऐकलं. दोन पाय ठस्स, तिसरा घंटेसारखा. वेल्डर हरीने चुकारपणा केला, दुसरं काय?

"तिन्ही गच्च भरलेस ना रे?"

"दोनच भरले, शेट. तिसरा तुमी भरलाव, नदीची ओली वाळू घालून. मी बोललो व्हतो, सुकू द्या."

खरंच की! सुकली आणि खाली बसली, वरचा पाय पोकळच राहिला. पुन्हा पाना मारला. वाजतोच. आता कढईत वाळू भाजतोय. पण हरी हसला कसा नाही? गावभर सांगणार बहुतेक.