हिरवळीवर बसवलेली मेंढरं

२४ नोव्हेंबर, सोमवार
आज फायबरची मेंढरं आली. भुस्सा भरलेल्या खोक्यांतून काढली. अंग पांढरंशुभ्र, तोंड काळं, ओठांवर लाली. असलं मेंढरू अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात कुणी पाहिलं असेल तर मला दाखवावं. आपल्याला काय. माझं काम कपबशीचा झुला चालवणं.

यंदा पार्कात हिवाळी महोत्सव. तीन नव्या गोष्टी: बर्फघर, आकाशपाळणा आणि शिवार सफर. सफर म्हणजे लेकरांची रेल्वे खोट्या गावातून फिरणार. खोटी चावडी, खोटी विहीर, आता खोटी मेंढरं. आ.पा. चालवायला मला देणार असं मालक दिवाळीत स्वतः म्हणाले आहेत. कपबशीला एकच बटण आहे. कोणीही दाबेल. पाळण्याला समोरासमोर वजन सारखं बसवावं लागतं, पट्टे, दांड्या, ब्रेक, सगळं पाहावं लागतं. मी रोज सुट्टी झाल्यावर जाऊन पाहतो. एका पाळण्याची कडी सैल आहे. सांगितलं. अजून सैलच आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
जे व्हायला नको तेच झालं. मालक नातीला घेऊन शिवार सफर बघायला आले. नात म्हणाली, "आजोबा, ही कुत्री आहेत का?" मालक हसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "खोटी काहून आणली? बालाजीच्या बापाचा कळप हाय की! दरसाल माझ्या कुरुंद्याच्या रानात बसतो."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मॅडम संभाजीनगरहून आल्या आहेत, महोत्सवाचं सगळं त्यांच्याकडे. "तू तर वडील शेती करतात म्हणाला होतास."
म्हणालो होतो. काय करणार.

मग 'बसतो' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. रानात हळद लावायच्या आधी मालक बाला, म्हणजे माझ्या बापाला, बोलावतात. बा रात्रभर कळप रानात बसवतो, लेंड्या आणि मूत जमिनीत जातं, रान ताजं होतं. त्याबद्दल बाला ज्वारी मिळते. मॅडमनी रुमाल नाकाला लावला. अजून मेंढरं आली पण नव्हती.

१ डिसेंबर, सोमवार
मालकांच्या सांगण्यावरून बाला आणायला गेलो. कळप आखाडा बाळापूरच्या अलीकडे, सोयाबीन काढलेल्या रानात होता.
"तिथं चरायला काय हाय?"
"पेंड देतात. हिरवा चारा बी."
"पेंड? मेंढरू म्हंजे काय म्हैस हाय का?"
"महिनाभराचा सवाल आहे बा."
"लोक तिकीट काढून बघतेत म्हणं?"
"व्हय."
"कुणाला?"
"मेंढरांना. आन तुला."
बा एवढा हसला की खाली बसला. मग हाका मारून मायला बोलावलं आणि पुन्हा सांगितलं. माय म्हणाली, "मला बी घाला की रेल्वेत. पाय दुखून राहिलेत." दोघं हसत होते. मी घड्याळ पाहत होतो. शेवटची बस चुकली.

दहावीला आमचा कळप परभणीकडे होता, परीक्षा राहिली. तेव्हाही हे दोघं असेच बिनघोर.

५ डिसेंबर, शुक्रवार
बा आला. माय गावी राहिली, लहान कोकरं तिच्याकडे. कळपासाठी खोट्या विहिरीमागे तारेचं कुंपण केलंय. बाची झोपायची जागाही तिथेच.

मॅडमनी बाला लाल जरीचा फेटा दिला. बाने हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "बाई, हा नवरदेवाच्या घोडीचा हाय." घातला नाही. आपलंच मळकं मुंडासं. मॅडम मला म्हणतात, "काकांना समजाव ना." मी बाला समजावायचं. बाला आजवर कुणी समजावलंय?

११ डिसेंबर, गुरुवार
तालीम. रेल्वे विहिरीपाशी थांबते, घंटा वाजते, बाने हात वर करून मेंढरांना हाक द्यायची, मेंढरं धावत येतात, लेकरं टाळ्या वाजवतात, रेल्वे सुटते. सोपं आहे.

बाने घंटेच्या आधीच हाक दिली. दुसऱ्या खेपेला दिलीच नाही. "आत्ताच तर आल्यात बिचारी, पुन्ना काहून पळवू?" तिसऱ्या खेपेला तालमीसाठी डब्यात बसवलेल्या लोकांशी बोलत बसला. कुठल्या गावचे, कुणाचे, पाऊसपाणी कसं. रेल्वे चालवणारा इरफान ओरडतोय, "चाचा, गाडी छोड़ो, पीछे लाइन लगी है!" बा त्याला म्हणतो, "तुला कुटं जायाचंय रे? गोल फिरून हितंच येतोस ना?"
इरफान दिवसभर हेच वाक्य सगळ्यांना सांगत फिरतोय.

१६ डिसेंबर, मंगळवार
आ.पा. समोर आज हिरवळ टाकली. गादीसारखी गुंडाळी करून ट्रकमधून आली, उलगडली की झाली बाग. कडेने फुलझाडं, मधे जमिनीत बारीक दिवे. शनिवारी उद्घाटन. पाहुणे हिरवळीवर बसणार, मग पहिला फेरा. तो फेरा मी चालवणार. मॅडमनी आज निळा गणवेश दिला, खिशावर नाव आहे. घरी नेला नाही, इथे पेटीत ठेवला. मळेल म्हणून.

बा हिरवळ बघायला आला होता. काठीने टोचून बघत होता. "मालकाचं हे रान लई अशक्त हाय रे."
रान नाही बा, बाग आहे.
"व्हय, तेच."

सैल कडी आज बदलली. मी उभा राहून बदलून घेतली.

२० डिसेंबर, शनिवार


सकाळी सातला पोचलो. नवीन गणवेश घातला. आ.पा. कडे निघालो तर सगळा कळप हिरवळीवर. आरामात. रवंथ चाललेला. कडेची फुलझाडं नाहीत, नुसत्या काड्या. हिरवळीच्या गाद्या जागोजागी उचकटलेल्या, दिव्यांच्या वायरी वर. आणि लेंड्या. जिकडे पाहावं तिकडे लेंड्या, खुरांनी तुडवून पक्क्या बसलेल्या.

बा कडेला बसून चहा पीत होता. चेहरा एकदम खूश. "ये. रातभर बसवली. हाललीसुदिक न्हाईत." मी काय बोललो आठवत नाही. ओरडलो असेन. बा म्हणाला, "आरं, मालकानं तुला पाळणा दिला. आपल्याकडून काय देणार आपण त्याला? हेच की. जवारी नको म्हणून सांग."

म्हणजे हे माझ्यासाठी. माझ्या नोकरीची परतफेड.

मी आणि इरफान झाडू घेऊन भिडलो. लेंड्या निघत नाहीत. पाणी मारलं तर चिखल झाला, जास्तच वाईट. इरफान म्हणतो, "अरे यार, मेहमान लोगों को बोल दो, खास हिंगोली का कालीन है." मला हसू आलं नाही. निळ्या गणवेशाचे गुडघे हिरवे-काळे. मॅडम आल्या आणि वर आलेल्या वायरींकडे पाहत राहिल्या. मग एकदम, "काका, ही काय पद्धत आहे? लाखाचं लॉन आहे हे!" बा त्यांना शांतपणे म्हणाला, "बाई, पुढल्या वर्सी बघा." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

मालक आले.  मालक हिरवळीभोवती एक चक्कर मारून आले.
"किसनराव, इचारायचं तरी."
"मालक, दरसाल कुटं इचारतो?"
मालकांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. खांदे हलत होते. मला वाटतं हसत होते. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी फाटकातून आत आली आणि मालकांचा आवाज बदलला. "बालाजीला पाळण्यावरून काढा. इरफानला बसवा."

खुर्च्या बर्फघरासमोर नेल्या. पहिला फेरा इरफानने चालवला. मी त्याची रेल्वे. त्याच निळ्या गणवेशात. रेल्वे गोल फिरते आणि दर फेरीला विहिरीपाशी बा.

२१ डिसेंबर, रविवार
इरफान माझ्याशी बोलायला आला. "मेरे को क्या मालूम, मालिक बोले तो बैठा." त्याचा राग नाही. पण तो पाळणे भरतो कसे! एका बाजूला धिप्पाड माणसांचं कुटुंब, समोर दोन लेकरं. चाक चढताना अडखळतं, उतरताना धावतं. मला रेल्वेतून दिसतं. दर फेरीला दिसतं. मान दुखली वळून वळून.

बर्फघराचं मशीन दुपारी बंद पडलं. लोक स्वेटर घालून ओल्या फरशीवर उभे होते. तिकडची सगळी गर्दी शिवार सफरला आली. एकाने बाला विचारलं, "काका, ही दूध देते का?" बा म्हणाला, "तो गडी हाय भाऊ, त्याला कशाला लाजवता?" लोक व्हिडिओ करतात. बाला त्याचं काही नाही. हाक मात्र अजून घंटेच्या आधीच देतो.

मालक दूर उभे राहून गर्दी पाहत होते.

२३ डिसेंबर, मंगळवार
बा म्हणतो शुक्रवारी निघणार.
"काहून? महिना ठरला होता."
"खुरं वाढून राहिलीत. दोन मेंढरं लंगडू लागली. फिरत्या जनावराला एका जागी कोंडलं की असंच."
"मालकांना काय सांगू?"
"सांग, किसन गेला."
सांग म्हणे. यांचं सगळं असंच. येताना हसत आले, जाताना 'गेला' म्हणून सांग, आणि मधलं सगळं निस्तरायला मी.

सांगितलं. मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, पहिल्यांदाच. "बालाजी, गर्दी कुणामुळं हाय ते मला दिसतं. किसनरावाला संक्रांतीपर्यंत थांबव. थांबला तर पाळणा तुझा, कायम. गेला तर..." फोन वाजला आणि मालक हळदीच्या भावाचं बोलत बाहेर गेले.  गेला तर काय? रेल्वे? की रेल्वेही नाही?

२४ डिसेंबर, बुधवार
बाला विचारायचं ठरवलं होतं. सकाळी विचारणार होतो, बा खुरं बघत होता. दुपारी गर्दी. संध्याकाळी मायचा फोन आला आणि बा तिच्याशी कोकरांचंच बोलत बसला. उद्या.

माझ्याच बापाला एक गोष्ट विचारायची तर मी दिवस का काढतोय? आणि तो निवांत.

२५ डिसेंबर, गुरुवार
नाताळची सुट्टी, पार्क भरून वाहतोय. दुपारी रेल्वेचं इंजिन थंड करायला थोडा वेळ थांबवतात. तेवढ्यात इरफान ओरडला, "चाचा को ऊपर घुमा ला, आज तक बैठे नहीं!" बाला ओढावं लागलं. बसला तर पट्टा नको म्हणे. मी स्वतः लावला, दोनदा ओढून पाहिला.

वर गेल्यावर बाने आधी खाली वाकून पाहिलं. मग कपाळावर हात धरून बघू लागला. "ते बघ, बाळापूरच्या अंगाला समदं रान मोकळं झालंय. तिकडं पाणी चकाकून राहिलं. बापरे, किती लांबवर दिसतं!" मी समोरच्या पाळण्याकडे पाहत होतो. रिकामा. इरफानने परत सगळं वजन आमच्याच बाजूला भरलेलं. "बा, दांडी धर." बाने दांडी धरली नाही. दोन्ही हात तोंडाशी नेले आणि वरून हाक दिली.

खाली सबंध कळप उठला. कुंपणाची तार पाडली आणि पाळण्याच्या दिशेने धावत सुटला. वाटेत कडेला लावलेली ती फायबरची मेंढरं आडवी झाली, एकाची मान निघून गडगडत गेली. लोक ओरडतायत, हसतायत. मॅडम हात पसरून मेंढरांसमोर उभ्या. मेंढरं त्यांच्या दोन्ही बाजूंनी. इरफान हसता हसता ब्रेक दाबून बसलेला, आणि आम्ही नेमके टोकावर लटकलेले.

"बा, काय केलंस हे!"
"बघितलं, हितपर्यंत ऐकू जातं का ते."

मला रडावं की ओरडावं कळेना. तेवढ्यात तोच म्हणाला, "मालकानं मला बी सांगितलं."
"काय?"
"तुझ्या पाळण्याचं."
"कधी?"
"परवा. तुला सांगितलं त्याच दिशी."
म्हणजे दोन दिवस याला माहीत होतं. दोन दिवस मी शब्द जुळवतोय आणि हा कोकरांचं बोलतोय!
"मग बोलला का नाहीस?"
"तू इचारशील म्हणून. तू थांब म्हण, मी थांबतो. खुरं कापीन मी."
"आणि मेंढरं?"
"दोन-चार जातील." खालच्या कळपाकडे बघत, पाऊसपाणी सांगावं तसं.

वर वारा होता. पाळणा थोडा डुलत होता. मी तोंड उघडलं होतं. मग चाक फिरलं.

खाली आलो तर रांग पार बर्फघरापर्यंत. पट्टा सोडला, दांडी उघडली, बाला हात धरून उतरवलं. इरफानला सांगितलं, समोरच्या पाळण्यात आधी माणसं बसव, मग ही बाजू भर. त्याने ऐकलं. बाला 'थांब' म्हणालो नाही, 'जा' असंही नाही.

बा मेंढरं गोळा करायला गेला. जाताना मधे थांबला आणि मागे वळून पाहिलं. तिथेच उभा राहिला जरा वेळ. मी पुढच्यांचे पट्टे ओढून बघत होतो.